नाकाची अ‍ॅलर्जी आणि घरातलं धुणं: कपडे उन्हात वाळवायचे की घरात?

निशिगंध_पुणे

नमस्कार मंडळी. धुण्याबद्दल विचारायचंय. जरा सविस्तर लिहितेय, कारण प्रश्न एका ओळीत मावणारा नाही.

आमच्या घरात दोघांना नाकाची अ‍ॅलर्जी आहे. नवऱ्याला बारा महिने त्रास. पहाटे डोळा उघडायच्या आत शिंका सुरू होतात, नाक गच्च चोंदलेलं असतं आणि घराबाहेर पडल्यावर हळूहळू मोकळं होतं. मुलीचं निराळं. ती एरवी ठणठणीत, पण गणपती बसले की डोळे चोळायला लागते आणि दिवाळीपर्यंत रुमाल हातातून सुटत नाही. यंदा दोघांच्याही त्वचेवरच्या चाचण्या करून घेतल्या. नवऱ्याला घरातल्या धुळीतले माइट्स निघाले, मुलीला गाजर गवताचे परागकण.

औषधं आणि नाकातले स्प्रे चालू आहेत, त्याबद्दल शंका नाही. अडलंय ते धुण्यापाशी. नवऱ्याला सांगितलंय की अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. मुलीला सांगितलंय की त्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालू नका. घर एक, बाल्कनी एक. इमारतीच्या मागे मोकळा प्लॉट आहे आणि पावसानंतर तिथे कमरेएवढं गाजर गवत माजतं. मशीन टॉप लोड आहे, पाणी तापवायची सोय त्यात नाही. धुणं वाळत घालायचं, झटकायचं, घड्या घालायचं काम बहुतेक नवराच करतो आणि नेमकं त्यानंतर त्याचं नाक वाहायला लागतं.

कुणाच्या घरी असा दुहेरी पेच आहे का? तुम्ही काय करता?


तळमजला

आमच्याकडेही अस्संच आहे, फक्त परागकणांच्या जागी कबुतरं. बाल्कनीतल्या रॅकवर पिसं आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ. वाचतोय.


खोळ_अभ्रा

निशिगंधताई, आमच्या घरी माइट्सचं प्रकरण आहे, तेव्हा तेवढ्यापुरतं लिहिते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर ठरतं. माइट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, जेमतेम पाव मिलिमीटरचा जीव. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. म्हणजे कामं दोन आहेत, माइट मारणं आणि ती प्रथिनं कापडातून घालवणं. लोक ही दोन्ही एकच समजतात.

ही प्रथिनं पाण्यात विरघळतात. त्यामुळे साध्या थंड पाण्यात साबण लावून धुतलं तरी बराचसा भाग निघून जातो. माइट मात्र धाग्याला धरून बसतात, थंड पाण्याने मरत नाहीत आणि पुन्हा वाढतात. ते मरायला पाणी निदान ५५ अंश लागतं, म्हणून सगळीकडे ६० अंश सांगतात. उन्हाचं नेमकं उलट. कडक उन्हात तास न् तास ठेवलं की माइट सुकून मरतात, पण विष्ठा जागच्या जागी राहते. दिवसभर गादी उन्हात टाकली आणि रात्री तशीच अंथरली, तर मेलेल्या माइटचा कचरा नाकाखाली आहेच. ज्या कपड्याला पाणी लावता येतं त्याला पाणी लावायचंच. ऊन त्याच्या बदली चालत नाही.

आता टॉप लोडचं. मी मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळते आणि प्लास्टिकच्या नाही, स्टीलच्या बादलीत तेवढंच नळाचं पाणी आधी घालून त्यावर ओतते. नळाचं पाणी २५ अंशाच्या आसपास असेल तर निम्मं-निम्मं मिसळून ६० च्या थोडं वर जातं. कोरडे अभ्रे आणि चादरी बुडवल्या की तापमान जरा उतरतं, म्हणून उकळतं पाणी थोडं जास्तच घेते. अर्धा तास झाकून ठेवायचं आणि मग तेच कपडे मशीनमध्ये नेहमीसारखे धुवायचे. सुती आणि फिक्या रंगाच्या कपड्यांनाच हे करा, गडद रंग आधी कोपरा भिजवून बघा. घरात लहान मूल असेल तर न्हाणीघराचं दार लावून घ्या.

आठवड्यातून एकदा अभ्रे, चादर आणि अंगावर घ्यायचं पातळ पांघरूण एवढं पुरतं. रोजच्या शर्ट-पँटला ६० अंशांची काही गरज नाही. ते अंगावरून उतरतात आणि धुवायला जातात, माइटला तिथे बस्तान बसवायला वेळच मिळत नाही. आठ-आठ तास अंगाची ऊब आणि घाम मिळतो तो अंथरुणाला.


निशिगंध_पुणे

निम्मं-निम्मं पाण्याचा हिशेब फारच कामाचा, ताई. आम्ही गीझरचं पाणी वापरत होतो, पण बादलीत पडेपर्यंत ते हात घालण्याइतकं निवतं.


कऱ्हाकाठ

मी शेतीतला माणूस, गाजर गवताबद्दल लिहितो.

हे गवत आपल्याकडचं नाही. मूळ अमेरिका खंडातलं. आपल्या देशात त्याची पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातलीच आहे. आयात गव्हातून बी आलं असं मानतात. यालाच काँग्रेस गवतही म्हणतात. आता बांधावर, रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर सगळीकडे आहे. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. पाऊस पडला की उगवतं आणि महिना-दीड महिन्यात बारीक पांढऱ्या फुलांनी भरतं. तुमच्या मुलीचा गणपती ते दिवाळी हा काळ त्यात बरोबर बसतो.

प्लॉटवर गवत असेल तर फुलं यायच्या आधी मुळासकट उपटून घ्या. जमीन ओली असताना सहज निघतं. सोसायटीने माणूस लावला तरी त्याला हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या, कारण या गवताने कातडीवर खाजरं पुरळ येतं आणि एकदा सुरू झालं की वर्षानुवर्षं सोडत नाही. आमच्या वस्तीवर खुरपणी करणाऱ्या बायकांचे हात आणि मान पाहिलेत मी, त्यामुळे पोटतिडकीने सांगतोय. फुललेलं गवत कापून तिथेच ढीग लावणं सगळ्यात वाईट, सगळी पूड वाऱ्यावर जाते.

कपड्यांचं म्हणाल तर ओल्या कपड्यावर परागकण चांगला चिकटतो. बाल्कनी प्लॉटच्या बाजूला असेल तर त्या दोन-अडीच महिन्यांत मुलीचं काहीही तिकडे घालू नका. टॉवेल तर मुळीच नको, तो थेट तोंडालाच लागतो.


दोरी_चिमटा

निशिगंध, तुझ्या पेचाचं उत्तर मला वरच्या दोन प्रतिसादांत दिसतंय. दोन्ही सूचना बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या कपड्यांना आहेत. अख्ख्या घराच्या धुण्याला एकच नियम लावायला गेलीस की अडणार.

मी अशी वाटणी करीन. नवऱ्याचं अंथरूण: उकळत्या पाण्याची बादली, मग मशीन, मग ऊन. मुलीचं सगळं, म्हणजे कपडे, टॉवेल, रुमाल, तिचा अभ्रा आणि चादर: त्या हंगामात घरात. आणि दोघांचं अंथरूण एकाच खोलीत असेल तर हंगाम संपेपर्यंत नवऱ्याच्या चादरीही घरातच वाळव. गरम पाण्याने माइट मेलेले आहेतच, त्यामुळे ऊन नसलं तरी त्याचं काही बिघडत नाही. उलट बाजूने बघ, मुलीच्या कपड्यांवर बसलेल्या परागकणांना घरात आल्यावर दुसरा उपाय नाही. म्हणून जिथे दोन सूचना एकमेकींना आडव्या येतात तिथे मुलीची धर.

नोव्हेंबर सरला की सगळं खुशाल उन्हात टाक. मार्च ते मे तर पुण्याचं ऊन फुकटचं औषध आहे.

आणि घरात वाळवायचं म्हणजे निजायच्या खोलीत नव्हे. मशीनभर कपड्यांतून सुमारे दोन लिटर पाणी हवेत जातं. तो ओलावा माइटला हवाच असतो. हवेतली आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तगत नाहीत, ७०-८० टक्क्यांत मात्र त्यांची चंगळ. म्हणून दुसरी खोली, पंखा, दार लावलेलं, आणि असेल तर एक्झॉस्ट चालू. मशीनमध्ये पिळणं दोनदा लाव. कपडा कपड्याला चिकटू देऊ नकोस, मध्ये चार बोटं अंतर ठेव. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते भिंतीवर लाव म्हणजे अंदाजाने चालायला नको.

झटकणं आणि घड्या घालणं हे काम नवऱ्याकडून आजच काढून घे. वापरलेली चादर गादीवरून ओढताना आणि झटकताना जेवढं उडतं तेवढं दिवसभरात कधी उडत नाही. करायचंच असेल तर एन-९५ मास्क लावून, आणि चादर झटकायची नाही. चारी कोपरे आत घेऊन गुंडाळायची आणि सरळ बादलीत.


खोळ_अभ्रा

गुंडाळून बादलीत, याला शंभर टक्के अनुमोदन. चादर काढल्यावर खोलीच्या खिडक्या उघडून अर्धा तास अ‍ॅलर्जीवाल्या माणसाला आत जाऊ देऊ नका.


मिऱ्याबंदर

पुण्यातल्या लोकांनो, तुम्हाला ऊन तरी आहे. आमच्या रत्नागिरीत आषाढ-श्रावणात काय करायचं ते विचारा! आर्द्रता नव्वदीच्या घरात, पडवीतल्या वलणीवर घातलेला शर्ट तिसऱ्या दिवशीही गार लागतो आणि कपाट उघडलं की कुबट वास. तो वास म्हणजे बुरशी. माझ्या नाकाला माइटपेक्षा तिचा जास्त त्रास. कपाट उघडलं की पाच-सात शिंका ठरलेल्या.

आमच्याकडे चालतं ते सांगतो. धुणं कमी आणि रोज. साठवून एकदम धुतलं की वाळवायला जागा पुरत नाही आणि सगळंच अर्धवट राहतं. जाड सुती टॉवेल पावसाळ्यात बाद, त्याऐवजी पंचे. पंचा पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतो. कपडा नव्वद टक्के वाळला की गरम इस्त्री दोन्ही बाजूंनी, शिवणी, कॉलर आणि खिसे खास दाबून, कारण ओल तिथेच राहते. इस्त्री झाल्यावर लगेच घडी घालून कपाटात कोंबायचं नाही. वाफ निघून जाईपर्यंत खुर्चीच्या पाठीवर ठेवायचं.

आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आमच्याकडे बुरशी यायची ती कपाटाच्या पाठीला, ओलीच्या भिंतीकडून.

एक प्रश्न आहे. मशीन फ्रंट लोड घेतलंय, तर धुतलेल्या कपड्यांनाच वास येतो. पावडर जास्त घातली तरी फरक नाही.


दोरी_चिमटा

पावडर कमी करा, मिऱ्याबंदर! जादा पावडर खंगाळून निघत नाही. ती कपड्यात राहते आणि मशीनच्या आतल्या अंगालाही थर धरते. त्या थरावर बुरशी पोसते. दाराच्या रबराची घडी बोटाने उलटून बघा, खालच्या बाजूला काळा-करडा चिकट लेप दिसेल, केस आणि धागे अडकलेले. तो जुन्या कापडाने पुसून काढा. महिन्यातून एकदा रिकामं मशीन सगळ्यात गरम पाण्यावर फिरवा. धुणं झाल्यावर दार आणि पावडरचा खण दोन्ही उघडे ठेवा. फ्रंट लोडला कमी फेसाचीच पावडर लागते. बोअरचं जड पाणी असेल तर खंगाळणं एकदा वाढवा.


रानभाजी

मी तर सगळ्यांना रिठा वापरा म्हणेन. निव्वळ नैसर्गिक, त्याने कधी अ‍ॅलर्जी होत नाही. आमच्या आजीच्या रेशमी साड्या रिठ्यातच धुतल्या जायच्या आणि अजून झळाळतात.


खोळ_अभ्रा

रानभाजी, रेशमाला रिठा उत्तमच, पण नाकाच्या रोग्यांसाठी एक सांगायला हवं. बाजारात मिळणारी रिठ्याची पूड उघडलीत तर निरोगी माणूससुद्धा शिंकतो. ती नाकाला झोंबतेच. आख्खे रिठे रात्री भिजत घालून, उकळून, गाळून पाणी वापरा. पूड नको. शिकेकाईलाही हेच लागू.


सुती_साधं

साबणाचा विषय निघालाच आहे तर. नाकाला होणारा त्रास दोन तऱ्हेचा असतो. एक खरी अ‍ॅलर्जी, माइट-परागकणांसारखी. दुसरी नुसती झोंब, म्हणजे अत्तर, उदबत्ती, फिनेल, सुगंधी पावडर. चाचणीत दुसरी दिसत नाही, पण अ‍ॅलर्जीने आधीच सुजलेल्या नाकाला ती फार लवकर लागते. कपडे मऊ व्हावेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालतात ते सुगंधी द्रव मी पूर्ण बंद केलंय. त्याचा वास उशीच्या अभ्र्यात दिवसेंदिवस टिकतो आणि रात्रभर आपण तोच हुंगत झोपतो. शिवाय त्याने टॉवेल पाणी टिपेनासा होतो. बिनवासाची पावडर किंवा द्रव साबण घ्या. शोधलं तर मिळतो, बऱ्याचदा लहान बाळांच्या कपड्यांसाठीच्या खणात असतो.

पावडरीतल्या एन्झाइम्सबद्दलही भीती असते. तिला जुना आधार आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एन्झाइमवाली पावडर नवी आली तेव्हा कारखान्यातल्या कामगारांना तिच्या बारीक धुळीने दमा झाला होता. पुढे एन्झाइमचे दाणे वेष्टनात बंद करायला लागले. घरी धुणाऱ्याला आता तो धोका नगण्य आहे, तरी पावडर उंचावरून ओतू नका आणि डब्यात नाक घालून चमचा शोधू नका. मला विचाराल तर नाकाच्या माणसाने द्रव साबणच वापरावा.


इजारकाठ

म्युनिकहून लिहितेय. इथे हाच पेच, फक्त झाड वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये बर्चचे परागकण सुटतात, गाडीच्या काचेवर पिवळी पूड बसते. तेव्हा कुणी अ‍ॅलर्जीवाला बाहेर दोरीवर कपडे घालत नाही. सरकारी हवामान खातं परागकणांचा अंदाज देतं, तो बघून मी ठरवते. हिवाळ्यात उलटी गत. खिडक्या बंद, हीटर चालू, स्टँडवर ओले कपडे, आणि खोलीच्या कोपऱ्यात बुरशी. म्हणून दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, ही इथे सगळ्यांची सवयच आहे. मशीनवर ६० अंशांचं बटण असतं, त्यामुळे पातेल्याचा खटाटोप वाचतो. ड्रायरची गरम हवाही माइट मारते.

आणि घरात आलं की बाहेरचे कपडे दारापाशीच बदलायचे, निजायच्या खोलीत न्यायचे नाहीत. हंगामात मी रात्री केसही धुते, नाहीतर दिवसभराचे कण उशीवर येतात. निशिगंध, मुलीच्या शाळेच्या गणवेशाला हे नक्की लाव.


माजघर

गोधडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या साताऱ्याकडे घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुवायचा रिवाज आहे. लहानपणी सगळ्या बायका गोधड्या घेऊन नदीवर जायच्या. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, खडकावर धोपटायची आणि काठावरच्या खडकांवर पसरायची. अख्खा काठ रंगीत व्हायचा. चार महिन्यांच्या पावसाळी ओलीनंतर, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागताना ही धुलाई. माइट्सचं वाचल्यावर वाटलं, वेळ किती नेमकी निवडलीय.

शहरात गोधडी मशीनमध्ये घालू नका. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर असतात, पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते. वरून वाळलेली दिसते आणि आतल्या थरात ओल राहते, मग वास. मी गोधडीला सुती साडीची खोळ शिवलीय, एका बाजूला बंद. खोळ दर आठवड्याला धुते, गोधडी वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि घटाच्या आधी. दोन दिवस ऊन, दोन्ही बाजूंनी. घटाच्या आधीचा मुहूर्त मात्र निशिगंधच्या मुलीला अडचणीचा, तेव्हा त्यांनी एप्रिलचीच धुलाई मोठी करावी.


ओपीडीनंतर

कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. धाग्यावर निदान करत नाही, पण एक सांगणं गरजेचं वाटतं. धुण्याचे उपाय योग्य आहेत, मात्र कुठल्याही एका उपायावर सगळी भिस्त ठेवू नका. माइटमुळे नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णांवरचा नेदरलँड्समधला एक चांगला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. गादी-उशीला माइट न शिरू देणाऱ्या महागड्या खोळी घातल्या. अंथरुणातलं अ‍ॅलर्जीचं द्रव्य खरंच कमी झालं, पण साध्या खोळी घातलेल्यांच्या तुलनेत त्रासात फरक पडला नाही. म्हणून धुणं, ओलावा, झटकणं, खोळ हे सगळं एकत्र करा आणि नाकातला स्प्रे रोज, सांगितलाय तितके दिवस घ्या. चार दिवस बरं वाटलं की स्प्रे सोडून देणारे रुग्ण मी रोज बघतो. छातीत घरघर किंवा धाप लागत असेल तर विनाविलंब दाखवा. आणि तळमजला, कबुतरांचं हलक्यात घेऊ नका, त्या धुळीने फुफ्फुसाचा वेगळा आजार होऊ शकतो. आधी जाळी बसवा.


तळमजला

जाळीवाल्याला बोलावलंय, डॉक्टर. धन्यवाद.


निशिगंध_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटणी ठरवलीय. मुलीचं धुणं आतल्या खोलीत पंख्याखाली, नवऱ्याच्या अभ्र्यांना उकळत्या पाण्याची बादली, आणि झटकायचं काम आता माझ्याकडे. प्लॉटवरच्या गवतासाठी सोसायटीच्या बैठकीत विषय मांडतेय, कऱ्हाकाठ यांचा प्रतिसाद तिथे वाचून दाखवणार आहे.

एकच राहिलं. स्वेटर, लोकरी शाली आणि माझ्या दोन पैठण्या. यांना गरम पाणी चालत नाही. कपाटात डांबरगोळ्या आहेत, त्यांच्या वासाने दोघांचंही नाक बंद होतं.


माजघर

डांबरगोळ्या आधी काढा. वासाचं आहेच, शिवाय काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची कमतरता असते, त्यांना डांबरगोळीच्या संपर्काने रक्तातल्या पेशी फुटायचा धोका असतो. घरात कुणाचं बाळ यायचं असेल तर ते कपडे त्याच्या जवळपासही नकोत. त्याऐवजी कडुनिंबाचा पाला सावलीत अगदी कुरकुरीत वाळवून, किंवा वेखंडाचे तुकडे, सुती पुरचुंडीत बांधून ठेवा. वेखंडाची पूड मोकळी टाकू नका, तीही नाकात जाते. पैठण्या जुन्या मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. तीन-चार महिन्यांनी काढून घडी बदला, नाहीतर जरीचा धागा त्याच रेषेवर मोडतो. हवा द्यायची ती सावलीत. उन्हात रेशमाचा रंग उडतो.


खोळ_अभ्रा

लोकरीसाठी फ्रीजर. स्वेटर कोरडा असताना घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन दिवस, उणे १८ अंशांवर माइट मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे लोकरीवर पाणी धरत नाही. नंतर गार पाण्यात बिनवासाच्या सौम्य द्रवाने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. मुलीची कापडी खेळणी असतील तर तीही त्याच पिशवीत घाला.